बेसबॉलचा हंगाम पाहता पाहता जुनी-नवी कार्डे कशी जमवावीत

मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत ३० संघ प्रत्येकी १६२ सामने खेळतात. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा आकडा सुरुवातीला अंगावर येतो. अमेरिकेत नव्याने राहायला आलेली कितीतरी मराठी कुटुंबे मुलांच्या शाळेमुळे किंवा कामावरच्या गप्पांमुळे या खेळाकडे वळतात आणि मग केव्हातरी एखाद्या दुकानात बेसबॉल कार्डांची, म्हणजे खेळाडूचे चित्र आणि आकडे छापलेल्या छोट्या पुठ्ठ्यांची, चकचकीत पाकिटे नजरेस पडतात. त्या टप्प्यावर असलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. त्यात एकच आग्रह धरला आहे: कोणते कार्ड घ्यायचे हे दुकानदाराने, बाजारभावाने किंवा पाकिटातल्या नशिबाने ठरवू नये; ते चालू हंगामाने ठरवावे.

याचा अर्थ काय, ते एका उदाहरणाने सांगतो. २०२५ च्या हंगामात सिॲटल मरिनर्सचा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) कॅल रॉली याने ६० होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले. तो डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा खेळाडू असल्यामुळे त्याने अशा फलंदाजांमधला, न्यू यॉर्क यँकीजच्या मिकी मँटलचा १९६१ मधला ५४ होम रनचा विक्रम मागे टाकला आणि मरिनर्सकडून एका हंगामात सर्वाधिक ५६ होम रन मारणाऱ्या केन ग्रिफी ज्युनियरलाही ओलांडले. आता कार्डांच्या दुनियेत १९५० च्या दशकाचे प्रतीक म्हणजे मँटल आणि १९८० च्या दशकअखेरीचे प्रतीक म्हणजे ग्रिफी. सप्टेंबरमधले सामने पाहणाऱ्या नवख्या प्रेक्षकाला एकाच खेळाडूने या छंदाच्या दोन कालखंडांच्या दारात नेऊन उभे केले. अशा संधी दर हंगामात येतात. फक्त त्या टिपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

पहिली पायरी: एक संघ आणि एक वही

सुरुवातीला सगळे ३० संघ डोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करू नये. राहत्या गावाजवळचा एक संघ निवडावा आणि त्याचे सामने आठवड्यातून दोन-तीनदा तरी पाहावेत. भारतात राहून हा छंद करणाऱ्यांना वेळेची अडचण आहे: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला सुरू होतो. अशांनी सकाळी सामन्याचा धावफलक आणि निवडक क्षणचित्रे पाहिली तरी चालते.

सामना पाहताना जवळ एक साधी वही ठेवावी. बेसबॉलचे समालोचक जुन्या खेळाडूंची नावे सतत घेत असतात. खेळ संथ असल्यामुळे त्यांना त्यासाठी भरपूर सवड मिळते. ‘अमुक याच्यानंतर असे करणारा हा पहिलाच’ असे वाक्य कानावर पडले की ते नाव, संघ आणि वर्ष लिहून घ्यावे. महिन्याभरात आठ-दहा नावे जमतात, आणि तीच तुमची खरेदीची पहिली यादी.

याच काळात आकडे वाचायला शिकावे. बॅटिंग ॲव्हरेज (फलंदाजीच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण), होम रन, आरबीआय (फलंदाजाच्या खेळीमुळे संघाला मिळालेल्या धावा) आणि पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, ईआरए (दर नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा) एवढ्या चार गोष्टी कळल्या तरी जुन्या कार्डाची मागची बाजू वाचता येते. कार्डाची पुढची बाजू चित्र असते. मागच्या बाजूला खेळाडूची कारकीर्द वर्षवार छापलेली असते आणि अनेक जुन्या कार्डांवर एखादे छोटेसे व्यंगचित्रही असते. हे आकडे ज्याला बोलके वाटतात त्याचा छंद टिकतो, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरी पायरी: कालखंडांची ओळख

कार्ड हातात घेतल्यावर ते साधारण कोणत्या काळातले आहे हे ओळखता यायला हवे. त्यासाठी फार इतिहास लागत नाही, पण काही खुणा माहीत असाव्या लागतात.

सर्वांत जुनी, सहज सापडणारी कार्डे तंबाखूच्या काळातली. १८८० च्या दशकात सिगारेटच्या पाकिटात ती घातली जात. पाकीट चेपू नये हा एक उपयोग आणि जाहिरात हा दुसरा. या वर्गातला सर्वांत प्रसिद्ध संच १९०९ ते १९११ या काळातला असून संग्राहक त्याला टी-२०६ म्हणतात. ही कार्डे लहानखुरी असतात: रुंदी दीड इंचाहून किंचित कमी, उंची अडीच इंचाहून थोडी अधिक. पुढे खेळाडूचे रंगीत शिळाछापाचे चित्र आणि मागे पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल यांसारख्या सिगारेटच्या छापाची जाहिरात. या संचातले पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचे कार्ड फारच कमी निघाले. त्याला तंबाखूच्या जाहिरातीत आपले चित्र नको होते असे काही सांगतात, तर मोबदल्यावरून बिनसले असे काही. त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. हा आकडा ऐकून नवखा माणूस या कालखंडाकडे पाठ फिरवतो, आणि तिथेच त्याचे नुकसान होते. कारण त्याच संचातले सामान्य खेळाडूचे, कोपरे झिजलेले, एखादी घडी पडलेले कार्ड साधारण पन्नास ते शंभर डॉलरच्या आसपास मिळू शकते. शतकाहून जुनी वस्तू त्या किमतीत हाती येते, हे लक्षात ठेवावे.

पुढे तंबाखूची जागा मिठाईने आणि च्युइंगगमने घेतली. बॉस्टनच्या गाउडी कंपनीचा १९३३ चा संच या काळाचा मानदंड आहे. त्यात तेव्हाचा तारा बेब रूथ याची चार वेगवेगळी कार्डे आहेत. त्या संचाची एक गंमत सांगण्यासारखी आहे: १०६ क्रमांकाचे कार्ड कंपनीने त्या वर्षी काढलेच नाही, त्यामुळे संच पुरा करू पाहणारी मुले गम विकत घेत राहिली. अखेर तक्रारी आल्यावर पुढच्या वर्षी नॅप लॅजवे या निवृत्त खेळाडूचे कार्ड त्या क्रमांकावर छापून पत्र लिहिणाऱ्यांना पाठवले गेले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे जमवलेल्यांना हा डावपेच नवा वाटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कार्डे जवळजवळ थांबली. १९४८ मध्ये बोमन आणि १९५१ मध्ये टॉप्स या कंपन्या बेसबॉलच्या बाजारात उतरल्या. टॉप्सचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच म्हणजे आजच्या कार्डाचा मूळ नमुना: मोठा आकार, संघाचे बोधचिन्ह, मागे आकडेवारी. त्याच्यामागे साय बर्गर हा टॉप्सचा कर्मचारी होता. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकत घेतले आणि पुढची पंचवीसेक वर्षे बाजार जवळजवळ एकट्या टॉप्सचा राहिला.

येथे थोडे थांबायला हवे, कारण या काळातल्या कार्डांचे भाव समजण्याची किल्ली हंगामातच आहे. १९७३ पर्यंत टॉप्स आपला संच एकदम बाजारात आणत नसे. वसंतात पहिली मालिका, मग दर काही आठवड्यांनी पुढची, असे करत शेवटची मालिका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुकानात येई. तोवर शाळा सुरू झालेल्या असत, मुलांचे लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलेले असे आणि दुकानदार बेसबॉलचा नवा माल मागवायला नाखूश असत. त्यामुळे शेवटच्या मालिकेतली, म्हणजे मोठ्या क्रमांकांची कार्डे कमी खपली. १९५२ च्या संचात ३११ ते ४०७ हे क्रमांक असेच आहेत आणि ३११ वर मिकी मँटल आहे. न खपलेल्या त्या खोक्यांचे ओझे कंपनीला इतके झाले की १९६० मध्ये ती समुद्रात नेऊन बुडवली, असे बर्गर स्वतः सांगत असे. २०२२ मध्ये त्या मँटल कार्डाची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. मौज अशी की त्या मालिकेत मँटलचे कार्ड छपाईच्या तावावर दोनदा घेतलेले होते, म्हणजे आपल्याच मालिकेतल्या बहुतेक कार्डांपेक्षा ते अधिक संख्येने छापले गेले. दुर्मीळपणा आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नवख्याने येथेच शिकून घ्यावे. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या राखीव पिचरचे ३५०च्या पुढच्या क्रमांकाचे कार्ड त्याहून दुर्मीळ असूनही त्याच्या किमतीच्या पासंगाला पुरत नाही. १९७४ पासून मात्र सगळा संच एकदम येऊ लागला आणि हा भेद संपला.

१९८१ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या मैदानात आल्या, पुढे स्कोअर आणि १९८९ मध्ये अपर डेकही आली. साधारण १९८६-८७ ते १९९३ या काळात कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की आजही न उघडलेली खोकी घरोघरच्या तळघरांत पडून आहेत. अमेरिकेत या काळाला ‘जंक वॅक्स’ म्हणतात. वॅक्स म्हणजे मेणकागदी वेष्टन आणि जंक म्हणजे काय ते सांगायला नको. परंतु शिकणाऱ्यासाठी याहून चांगला काळ नाही. १९८७ चा टॉप्सचा, लाकडाच्या रेषा असलेल्या चौकटीचा ७९२ कार्डांचा पूर्ण संच पंधरा-वीस डॉलरच्या आसपास सहज मिळतो. ती कार्डे बिनधास्त हाताळावीत, मागचे आकडे वाचावेत, पानांत लावायची सवय करावी. काही बिघडले तरी जीव हळहळत नाही.

१९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे ऑगस्टमध्ये हंगाम थांबला आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम लढत, रद्द झाली. त्याचा फटका कार्डांनाही बसला. त्यानंतरचा काळ चकाकणाऱ्या क्रोम कार्डांचा, खेळाडूच्या सहीचा, सामन्यात वापरलेल्या जर्सीचा तुकडा बसवलेल्या कार्डांचा आणि क्रमांक घालून मोजक्याच छापलेल्या प्रतींचा. टॉप्स २०२२ पासून फॅनॅटिक्स या कंपनीच्या मालकीची आहे आणि संघांची बोधचिन्हे असलेली आजची बहुतेक नवी कार्डे टॉप्स व बोमन याच नावांनी निघतात.

तिसरी पायरी: हंगामाच्या दिनदर्शिकेप्रमाणे खरेदी

फेब्रुवारीत सराव शिबिरे सुरू होतात आणि त्याच सुमारास टॉप्सच्या वार्षिक संचाची पहिली मालिका येते. दुसरी मालिका जूनच्या सुमारास आणि ‘अपडेट’ हा तिसरा भाग हंगाम संपताना येतो. नवख्याने वर्षातून एखादे पाकीट हौसेखातर जरूर उघडावे, पण संग्रह पाकिटांवर उभारू नये. आपल्या संघाच्या खेळाडूंची सुटी कार्डे एकगठ्ठा घेतली तर पाकिटांच्या तुलनेत फार स्वस्त पडतात. हंगाम सुरू होण्याआधी हा एक गठ्ठा घ्यावा आणि सामना पाहताना समोर ठेवावा. मैदानावर येणारा खेळाडू मागच्या वर्षी कुठे खेळत होता, त्याचा ईआरए काय होता, हे हातातल्या कार्डावर दिसते. पूर्वी मुले कार्डे अशीच वापरत.

वसंतात बोमनचा संचही येतो. त्यात अजून मेजर लीगमध्ये न आलेल्या तरुणांची कार्डे असतात. त्यांच्यावर पैसे लावणे हा संग्रह नव्हे, सट्टा आहे. पहिल्या दोन हंगामांत त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या खेळाडूचे कार्ड हवेच असेल तर तो मेजर लीगमध्ये उतरल्यानंतरचे, आरसी ही अक्षरे छापलेले रुकी (नवोदित खेळाडूचे) कार्ड घ्यावे. ही खूण २००६ पासून वापरली जाते. एखाद्याने हंगामाच्या मध्यावर पदार्पण केले तर त्याचे रुकी कार्ड पुढच्या वर्षाच्या संचात येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

१५ एप्रिलला सर्व संघांतले सर्व खेळाडू ४२ क्रमांकाची जर्सी घालतात. १९४७ मध्ये याच दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि आधुनिक मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत कोसळू लागली. त्या दिवशी रॉबिन्सनचे कार्ड घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण १९५२, १९५३ किंवा १९५६ च्या टॉप्समधले त्याचे कार्ड खराब अवस्थेतही नवख्याच्या खिशाला झेपणारे नसते. येथे एक युक्ती उपयोगी पडते: तारा महाग असला तरी त्याचे सहकारी महाग नसतात. डॉजर्सचा पिचर कार्ल अर्स्किन याचे पन्नाशीच्या दशकातले कार्ड त्या मानाने अगदी थोडक्यात मिळते. रॉबिन्सनशेजारी ज्यांनी रोजचा खेळ केला त्या संघाचा एक तुकडा असा आपल्या हाती येतो. १९५८ पासून डॉजर्स लॉस एंजेलिसला खेळतात, त्यामुळे ब्रुकलिनच्या टोपीतली ही कार्डे एका हरवलेल्या संघाची कार्डे आहेत.

दुसरी युक्ती मँटलच्या बाबतीत सांगता येईल. टॉप्स जुन्या संचांत मागच्या हंगामातल्या आघाडीच्या खेळाडूंची एकत्रित कार्डे काढत असे. १९६२ च्या संचात १९६१ च्या होम रन यादीतले रॉजर मॅरिस, मँटल आणि आणखी दोघे एकाच कार्डावर आहेत. त्याच संचात ३१८ क्रमांकावर मँटल दोन्ही हातांनी खेळणारा फलंदाज म्हणून चेंडू फटकावताना दाखवला आहे. ही दोन्ही कार्डे त्याच्या त्याच वर्षीच्या मुख्य कार्डाहून बरीच स्वस्त असतात. रॉलीने विक्रम मोडल्यावर मँटल शोधणाऱ्याने आधी यांच्याकडे पाहावे. ग्रिफीच्या बाबतीतही तसेच: १९८९ च्या अपर डेकमधले १ क्रमांकाचे कार्ड सर्वांना हवे असते, पण त्याच वर्षीची डॉनरस आणि फ्लीअरची त्याची रुकी कार्डे भरपूर आहेत आणि स्वस्तही आहेत. १९८९ चे बोमनचे कार्डही मिळते, परंतु त्याची उंची पावणेचार इंच असल्यामुळे ते नेहमीच्या पानात बसत नाही.

जुलैत ऑल-स्टार सामना आणि महिनाअखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत असते. याच महिन्यात न्यू यॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन येथे हॉल ऑफ फेमचा, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान-यादीत प्रवेशाचा, समारंभ होतो. निवड मात्र जानेवारीत जाहीर होते आणि त्यासाठी ७५ टक्के मते लागतात. २०२५ मध्ये निवडल्या गेलेल्या इचिरो सुझुकीची एकमताने निवड होण्याची संधी फक्त एका मताने हुकली. घोषणेच्या आठवड्यात त्या खेळाडूच्या कार्डांचे भाव चढतात, म्हणून तेव्हा घाई करू नये. ज्याची निवड पुढच्या एक-दोन वर्षांत अपेक्षित आहे त्याचे कार्ड आधीच्या शरद ऋतूत शोधावे. हंगाम संपला की बाजारात एकूणच शांतता असते आणि विक्रेते घासाघीस करायला तयार असतात.

मोठी प्रदर्शनेही उन्हाळ्यात भरतात. ‘नॅशनल’ या नावाने ओळखले जाणारे संग्राहकांचे संमेलन १९८० पासून भरते आणि अलीकडे शिकागोजवळचे रोझमाँट किंवा क्लीव्हलँड येथे जुलै-ऑगस्टमध्ये असते. पण नवख्यासाठी गावातल्या हॉटेलच्या दालनात रविवारी भरणारे छोटे प्रदर्शन अधिक उपयोगी. तिथे एक-एक डॉलरच्या खोक्यांत साठ-सत्तरच्या दशकांतली कार्डे खच्चून भरलेली असतात. विक्रेत्याला वहीतली नावे सांगावीत. बहुतेक विक्रेते आनंदाने शोधून देतात आणि त्या खेळाडूच्या चार गोष्टीही ऐकवतात.

एखाद्या सामन्यातला क्षण लगेच जपायचा असेल तर ‘टॉप्स नाऊ’ ही २०१६ पासूनची योजना आहे. काल घडलेल्या खेळीचे कार्ड आज विक्रीला येते, थोड्या मुदतीपुरतेच मागवता येते आणि मागणी येईल तेवढ्याच प्रती छापल्या जातात. तुम्ही स्वतः मैदानावर हजर होता त्या सामन्याचे असे एखादे कार्ड घ्यावे. बाकीच्यांचा मोह टाळावा.

जुन्या आणि नव्याचा पूल बांधणारा आणखी एक संच म्हणजे टॉप्स हेरिटेज. तो आजच्या खेळाडूंना ४९ वर्षांपूर्वीच्या मांडणीत दाखवतो. २००१ मध्ये १९५२ च्या मांडणीने त्याची सुरुवात झाली. मुलांना दोन काळ शेजारी ठेवून दाखवायचे असतील तर हेरिटेजचे एक कार्ड आणि त्या मूळ वर्षाचे त्याच संघाचे एक साधे कार्ड, अशी जोडी पुरेशी होते.

चौथी पायरी: कार्ड तपासणे

जुन्या कार्डाची किंमत चार गोष्टींवर ठरते: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई चौकटीत मध्यावर आहे की सरकलेली. काही संचांचे स्वभावही ओळखावे लागतात. १९७१ च्या टॉप्सची चौकट काळी आहे. तिच्या कडेला जरासा धक्का लागला तरी आतला पांढरा पुठ्ठा ठिपक्यासारखा उघडा पडतो. प्रकाशात कार्ड तिरपे धरून कड पाहावी. हे पांढरे ठिपके जिथे असायला हवेत तिथे दिसत नसतील आणि कड काळीभोर असेल, तर कुणी शाईच्या पेनने ती रंगवली असण्याची शंका घ्यावी. नवख्याने कोपरे गोल झालेली, पण चित्र स्वच्छ असलेली कार्डे घ्यावीत. घडी चेहऱ्यावरून गेलेली नसली म्हणजे झाले. कोऱ्या करकरीत प्रतीसाठी जे पैसे लागतात त्यात अशी दहा-वीस कार्डे येतात.

नकला आणि पुनर्मुद्रणे हा खरा धोका आहे, विशेषतः तंबाखू, गाउडी आणि १९५२ या काळात. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये १९५२ च्या संचाचे पुनर्मुद्रण काढले होते. पण ते अडीच बाय साडेतीन इंच या आजच्या मापाचे आहे, तर मूळ कार्ड पावणेचार इंच उंच आहे. म्हणून खिशात छोटी पट्टी असावी. टॉप्सने आजचे माप १९५७ पासून घेतले. दुसरे साधन म्हणजे सोनार वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग. मूळ कार्डावर छायाचित्र ठिपक्यांचे बनलेले दिसते, पण काळी अक्षरे आणि चौकटीच्या रेषा सलग शाईच्या असतात. पूर्ण कार्डाचा फोटो काढून छापलेल्या नकलेत अक्षरेसुद्धा ठिपक्यांत फुटलेली दिसतात. तिसरे साधन अतिनील दिवा: आधुनिक कागदात घातलेली पांढरेपणाची द्रव्ये त्याखाली निळसर चमकतात, दुसऱ्या महायुद्धाआधीचा कागद तसा चमकत नाही. एकाच संचातले एक स्वस्त, खात्रीचे कार्ड नेहमी जवळ ठेवावे आणि नवे कार्ड त्यावर ठेवून पाहावे. कडा कापून कोपरे ‘तीक्ष्ण’ केलेले कार्ड अशा वेळी उघडे पडते.

ऑनलाइन खरेदी करताना विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नये, तेच कार्ड त्याच अवस्थेत प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते पाहावे. ईबेवर पूर्ण झालेल्या विक्रीची यादी निवडता येते. मागची बाजू दाखवली नसेल तर फोटो मागावा. टाळाटाळ झाली तर सोडून द्यावे.

शंभर-दोनशे डॉलरच्या पुढचे जुने कार्ड मात्र पीएसए, एसजीसी किंवा बेकेट या कार्ड तपासणाऱ्या कंपन्यांपैकी कुणीतरी तपासून, १ ते १० या श्रेणीतला अंक देऊन बंद केलेल्या डबीतच घ्यावे. याला ग्रेडिंग म्हणतात. आपली साधी कार्डे ग्रेडिंगला पाठवण्यात अर्थ नाही. एका कार्डाला वीस-पंचवीस डॉलर किंवा अधिक लागतात आणि १९८७ चे साधे कार्ड त्यानंतरही जवळजवळ आधीच्याच किमतीचे राहते.

पाचवी पायरी: जपणूक

कार्ड हाती आले की आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणजे पेनी स्लीव्हमध्ये घालावे आणि मगच टॉपलोडर या कडक कव्हरात. नुसत्या टॉपलोडरमध्ये कार्ड घालू नये, कारण आत सरकताना पृष्ठभागावर चरे उठतात. स्लीव्हचे तोंड थोडे फाकवून कार्डाची खालची कड आधी आत न्यावी. कोपरा तोंडाशी अडला तर ढकलू नये, बाहेर काढून पुन्हा घालावा. टपालाने आलेल्या टॉपलोडरच्या तोंडाला चिकटपट्टी असते. ती संपूर्ण काढून, बोटाने चिकटपणा उरला नाही ना हे पाहून मगच कार्ड बाहेर घ्यावे, नाहीतर ऐन शेवटच्या क्षणी कड चिकटते.

साठ-सत्तरच्या दशकांतली साधी कार्डे नऊ कप्प्यांच्या पानांत फायलीत लावावीत. पाने पॉलिप्रॉपिलीनची असावीत. पीव्हीसीची जुनी पाने वर्षानुवर्षांत चिकट होतात आणि छपाई खेचून घेतात. १९५२ ते १९५६ च्या टॉप्ससाठी आठ कप्प्यांची मोठी पाने मिळतात. टी-२०६ सारख्या छोट्या कार्डांसाठी वेगळ्या मापाच्या पिशव्या घ्याव्यात, मोठ्या पिशवीत ती हलत राहतात आणि कोपरे झिजतात.

भारतात संग्रह ठेवणाऱ्यांनी एक काळजी अधिक घ्यावी. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओलावा धरतो आणि क्रोम कार्डे तर धनुष्यासारखी वाकतात. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि भिंतीला न टेकणारे लाकडी कपाट एवढे पुरते. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. लोखंडी कपाटात ठेवल्यास आतून घाम सुटतो का ते एखाद्या दमट दिवशी हात फिरवून पाहावे.

अमेरिकेहून एकेक कार्ड भारतात मागवणे परवडत नाही. टपालखर्च बहुधा कार्डाहून जास्त होतो आणि सीमाशुल्कही लागू शकते. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर हंगामभराची खरेदी त्यांच्या पत्त्यावर जमवावी आणि कुणी येणार असेल त्याच्या हातसामानात आणवावी. दोन पुठ्ठ्यांमध्ये टॉपलोडर ठेवून वर रबर बँड न लावता सुती पट्टी बांधावी. रबराने कडांना खाचा पडतात.

ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला वर्ल्ड सिरीज संपते. त्यानंतरच्या मोकळ्या महिन्यांत वहीतली नावे आणि जमलेली कार्डे ताडून पाहावीत: नाव, संच, वर्ष, क्रमांक, दिलेली किंमत आणि ते कोणत्या सामन्यामुळे घेतले, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना कुणी सहसा ठेवत नाही, मी मात्र ठेवावा असे सुचवीन. ज्या कार्डासमोर तो रिकामा राहतो, ते आणि दुबार आलेली कार्डे पुढच्या प्रदर्शनात बदलून टाकायला हरकत नाही. जानेवारीत हॉल ऑफ फेमचा निकाल लागायच्या आत ही छाटणी झालेली असावी, म्हणजे फेब्रुवारीत नवा संच येईल तेव्हा फायलीत जागा असते.